परत न करायचे दहा हजार

मी पार्सिपनीतल्या एका डेंटिस्टच्या फ्रंट डेस्कवर पाच वर्षं बसते आहे. एवढ्या काळात एकच गोष्ट पक्की शिकले: इन्शुरन्सवाले जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं. दात कधी काढला असं विचारलं, तर तारीख सांगायची आणि गप्प बसायचं. तो का काढला, आधी कुठल्या डॉक्टरला दाखवला होता, तो डॉक्टर माणूस म्हणून कसा होता, हे पुराण लावायचं नाही. एक वाक्य जास्त बोललात की त्या वाक्यावर चार फॉर्म येतात. आमच्या पेशंटांना हे समजत नाही, आणि माझ्या सासरच्या माणसांना तर मुळीच समजत नाही. त्यातही एकनाथकाकांना.

एकनाथकाका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सिद्धेशचे, सख्खे काका. मिरजेला डॉक्टर होऊन एकोणसत्तर साली इथे अमेरिकेत आले, तीस-पस्तीस वर्षं ऑपरेशनच्या पेशंटना भूल दिली, आणि आता डेन्व्हिलला, आमच्यापासून पंधरा मिनिटांवर, शोभाकाकूंबरोबर निवांत राहतात. मुलगी सावनी पार तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला, वर्षातून एकदा येते. सिद्धेशचे वडील तो कॉलेजात असतानाच गेले. तो एम.एस.ला इथे आला तेव्हा विमानतळावर गरम कोट घेऊन उभे होते ते काकाच. माणूस अगदी सोन्यासारखा आहे, पण फोन कानाला लावला की माझं बीपी वाढतं.

सप्टेंबर २००६ मध्ये आम्ही घर घ्यायला निघालो. घर म्हणजे काही महाल नव्हता. लेक हायवॉथाला, पार्सिपनीच्याच जुन्या, साध्या भागात, तीन बेडरूमचं लहानसं घर. तिसरीला खोली म्हणायचं इतकंच. तळघरात ओल, स्वयंपाकघरात कुणी तरी कधी काळी हौसेने बसवलेली हिरवी फरशी. पण आमची अनया नऊ वर्षांची झाली तरी वन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये, आमच्याच खोलीत पडदा लावून झोपत होती. ती त्या तिसऱ्या खोलीत गेली, "धिस वन इज माइन" म्हणाली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. एजंटबाईंना पुढचं घर दाखवायचं होतं, पण ही उठायला तयार नाही. मी तिथेच ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, हे घर घ्यायचं.

घोडं अडलं ते क्रेडिटवर. २००१ मध्ये सिद्धेशची नोकरी गेली. ग्रीन कार्ड नुकतंच आलं होतं म्हणून देश तरी सोडावा लागला नाही. पुढे अकरा महिने नोकरी नव्हती. घरभाडं एका क्रेडिट कार्डावर, त्या कार्डाचा हप्ता दुसऱ्यावर, आणि मग एक दिवस कुठल्याच कार्डाचा हप्ता नाही. तेव्हाच मी ही दातांची नोकरी धरली. त्या अकरा महिन्यांत दर रविवारी आम्ही काकांकडे जेवायला जात होतो. सिद्धेश इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, काका विचारायचे, "काय रे, ऑफिस काय म्हणतंय?" आणि हा सांगायचा, "नवीन प्रोजेक्ट आलंय काका, खूप काम आहे." परत येताना गाडीत मी भांडायचे. काकांना सांग, पाच हजार मागितले तर दहा देतील. तो म्हणायचा, "त्यांच्यापुढे हात पसरायचा नाही, ज्ञानदा. हा विषय बंद." विषय बंद झाला आणि क्रेडिट मातीत गेलं. पाच वर्षांनी कर्जं सगळी फिटली होती, पण रिपोर्टात त्या उशिरा भरलेल्या हप्त्यांची रांग तशीच होती.

असं क्रेडिट असलं की नेहमीच्या बँका दारात उभं करत नाहीत. मग एफएचएचं कर्ज राहतं. यात सरकार स्वतः पैसे देत नाही. कर्ज बँकच देते, पण आम्ही बुडवलं तर बँकेला भरून द्यायची हमी सरकार घेतं आणि त्या हमीचा विमा-हप्ता आमच्याच खिशातून काढतं. पहिलं घर घेणाऱ्यांची आणि पत खराब झालेल्यांची ही सोय. डाउन पेमेंट तीन टक्के, व्याज तीस वर्षं एकच. बदल्यात ते मागतात कागद. पगाराचे कागद, भाड्याचे कागद, कागद का नाही याचा कागद. क्रेडिट का बिघडलं याचंही एक पत्र आपल्या शब्दांत लिहून मागतात. सिद्धेशने दीड पान लिहिलं, त्यात जागतिक मंदीसुद्धा होती. मी चार ओळी ठेवल्या आणि बाकी सगळं खोडलं.

तीन टक्के म्हणजे दहा हजार डॉलर, वर थोडे. आमची सगळी शिल्लक क्लोजिंगच्या, म्हणजे वकील आणि कागदपत्रांच्या, खर्चातच जाणार होती. शोभाकाकूंकडून कळलं तसं काकांनी न मागता चेक लिहिला. नातेवाइकाने दिलेली भेट एफएचएला चालते. उसने दिलेले पैसे चालत नाहीत, कारण ते आणखी एक कर्ज होतं. म्हणून काकांनी एका पत्रावर सही करायची होती: माझ्या पुतण्याला दहा हजार डॉलर भेट देत आहे, परतफेडीची अपेक्षा नाही. खाली सिद्धेशची सही. दोघांनी निमूटपणे सह्या केल्या. सिद्धेशने चेक इतक्या सहज घेतला याचं मला नवल वाटलं होतं. तिथेच मला संशय यायला हवा होता.

गुरुवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाजात उत्साह नुसता ओसंडत होता.

"अगं ज्ञानदा, आज तुमच्या बँकेतल्या बाईंचा फोन आला होता. पॅट्रिशिया नाव. फार गोड बाई. तिची आई माझ्याच हॉस्पिटलात होती, गॉलब्लॅडरला. पाऊण तास बोललो आम्ही."

पाऊण तास. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"काय विचारलं तिने, काका?"

"ते पैशांचंच. आर यू एक्स्पेक्टिंग रीपेमेंट, डॉक्टर? मी म्हटलं, मॅडम, आय डोन्ट हॅव टु एक्स्पेक्ट! धिस बॉय कम्स फ्रॉम अ व्हेरी गुड फॅमिली. ही विल रिटर्न एव्हरी पेनी. ही हॅज गिव्हन मी हिज वर्ड."

मी कपाळाला हात लावला. पीठ सगळं कपाळाला लागलं.

"काका, तुम्ही असं म्हणालात?"

"मग! बँकेच्या माणसाला आपल्या मुलाबद्दल चांगलं सांगायला नको? क्रेडिटबिडिट मशीन सांगतं. माणूस कसा आहे ते घरचंच कोणी तरी सांगणार ना? ती एकदम इम्प्रेस झाली. सगळं लिहून घेत होती."

लिहून घेणारच. मी "बरं काका" म्हटलं आणि फोन ठेवला, कारण पुढे जे माझ्या तोंडात आलं होतं ते चुलतसासऱ्याला बोलता येत नाही.

सिद्धेश सोफ्यावर बातम्या बघत होता. मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"हिज वर्ड म्हणजे कसला वर्ड? तू काकांना काय शब्द दिलास?"

त्याने रिमोट उलटसुलट फिरवला. "दर महिन्याला दोनशे देईन म्हटलं. ते आमचं आपसात आहे. लेटरचा काय संबंध?"

"लेटरवर तुझी सही आहे! सरकारी हमीचं कर्ज आहे ते. परत करणार नाही असं लिहून द्यायचं आणि मागच्या दाराने परत करायचं, याला फ्रॉड म्हणतात."

"काकांचे पैसे परत करणं हा फ्रॉड?" तो खरोखरच दुखावला होता. "इथल्या कायद्याची कमाल आहे, यार. बुडवतो म्हटलं की प्रामाणिक, आणि देतो म्हटलं की चोर."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

शुक्रवारी सकाळी शैलेंद्रचा फोन. शैलेंद्र आमचा मॉर्गेज ब्रोकर, म्हणजे बँकेकडून घराचं कर्ज काढून देणारा, मूळचा नागपूरचा. मराठी मंडळाच्या दर कार्यक्रमाच्या पत्रिकेत मागच्या पानावर याचा फोटो असतो.

"वहिनी, फाइल सस्पेंड झाली ना. काकांनी बॅटिंग केली म्हणे पाऊण तास."

"आता काय करायचं?"

"बँकेत कर्ज पास करणारा तो अंडररायटर म्हणतो, हे गिफ्ट नाही, लोन आहे. काकांचं नवीन लेटर पाहिजे आणि पॅट्रिशिया त्यांच्याशी पुन्हा बोलेल. मंगळवारी पाचपर्यंत बँकेचं कर्ज-मंजुरीचं कमिटमेंट नाही आलं तर सेलर बाहेर पडतो. त्याच्याकडे दुसरा बायर उभा आहे, वहिनी, कॅशवाला."

मग त्याने आवाज बदलला. हा आवाज मला पत्रिकेवरच्या फोटोतूनसुद्धा ऐकू येतो.

"नाही तर एफएचए सोडा. दुसरा प्रॉडक्ट आहे. ना लेटर, ना पगाराचा कागद, झिरो डाउन. काकांचे दहा हजार काकांना परत. दोन वर्षं रेट कमी, मग वाढतो, पण तोवर घराची किंमत वाढते, नवं कर्ज घेऊन रीफायनान्स करून टाकायचं. सगळे हेच करून राहिले. सिद्धेशला सांगितलंय मी, त्याला आवडलं."

आवडणारच! काकांपुढे तोंड उघडायला लागणार नाही, हेच त्यातलं सगळ्यात आवडण्यासारखं. संध्याकाळी सिद्धेश घरी आला तो तो कागद घेऊनच. दोन वर्षांनंतर हप्ता किती होईल असं मी विचारलं. तो म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. मी कॅल्क्युलेटर काढला. आकडा आमच्या दोघांच्या पगाराच्या अर्ध्याच्या वर गेला. मी तो त्याच्यासमोर धरला.

"एकदा काकांना सांगायला लाजलास, त्याचं क्रेडिट पाच वर्षं भोगलं," मी म्हणाले. "आता पुन्हा लाजतोस, तर या वेळी घर जाईल. रविवारी जेवायला गेलो की त्यांना सांगायचं, पैसे परत करणार नाही. आणि खरंच करायचे नाहीत. नाटक नको."

"मी असं नाही म्हणू शकत, ज्ञानदा."

"का?"

"ते माझे काका आहेत."

हे असं कारण आहे की त्यापुढे कॅल्क्युलेटर चालत नाही.

रविवारी शोभाकाकूंनी भरली वांगी आणि मसालेभात केला होता. जेवण होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. अनया तळघरात टीव्ही बघायला गेली. काकू मठ्ठ्याचे पेले आवरायला लागल्या तेव्हा मीच सुरुवात केली. पॅट्रिशियाचा प्रश्न काय होता, काकांच्या उत्तराने काय झालं, मंगळवारी काय होणार, सगळं नीट, एकामागून एक सांगितलं, आवाज न चढवता.

काकांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी तिला सांगायचं की हा परत करणार नाही?"

"हो."

"पण तो करणार आहे." ते सिद्धेशकडे वळले. "करणार आहेस ना रे?"

"अर्थात, काका," सिद्धेश म्हणाला.

"मग झालं! मी खोटं कसं बोलू, ज्ञानदा? पस्तीस वर्षं प्रॅक्टिस केली. एका कागदावर खोटी सही नाही केली कधी."

"काका, ती सही तुम्ही दोन आठवड्यांपूर्वीच केलीत."

"त्यात लिहिलं होतं, मला अपेक्षा नाही. नाहीच मला अपेक्षा. त्याने दिले नाहीत तर मी मागणार आहे का?"

"आणि मी न देता राहणार आहे का?" सिद्धेश म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघून हसले. समाधानाने! काका देणारे थोर, पुतण्या फेडणारा थोर, आणि मी मधल्या मध्ये हिशेबी बाई. तळपायाची आग मस्तकात गेली. मठ्ठ्याचा पेला माझ्या हातात होता, तो मी टेबलावर आपटला.

"पुरे झालं तुमचं दोघांचं मोठेपण! तुमच्या या मोठेपणापायी आमचं क्रेडिट गेलं. दोन हजार एक साली याची नोकरी गेली, काका. अकरा महिने हा घरी बसून होता. हा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून इथे जेवायला यायचा आणि तुम्हाला नवीन प्रोजेक्टच्या गोष्टी सांगायचा. कुठलं प्रोजेक्ट? क्रेडिट कार्डावर भाडं भरत होतो आम्ही. तुमच्यापुढे हात पसरायचा नाही म्हणून!"

सिद्धेश "ज्ञानदा" असं हळूच म्हणाला, पण आता काय उपयोग होता. सांगून झालं होतं.

सगळ्यात आधी बोलल्या त्या शोभाकाकू. त्या सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"मी तेव्हा तुम्हाला दह्याच्या डब्यांतून भाजी-भात भरून द्यायचे दर रविवारी. तो तुम्ही पुरवून पुरवून खात होतात का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "मंगळवारपर्यंत पुरायचा," मी म्हणाले.

काकूंनी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. डिशवॉशर शेजारीच होता.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. "अकरा महिने," ते म्हणाले. "मी तुला विचारायचो, ऑफिस काय म्हणतंय. दर रविवारी विचारायचो."

"काका, मला लाज वाटत होती."

"कोणाची? माझी?" आता काकांचा आवाज चढला. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "हॉस्पिटलातल्या झाडूवाल्याचा मुलगा माझ्याकडे कॉलेजच्या फीचे पैसे मागायला यायचा, सिद्धू. ओळख ना पाळख. त्याला लाज वाटली नाही. आणि तू पंधरा मिनिटांवर राहून, माझ्याच टेबलावर बसून मला बनवत होतास? मी काय वाईट केलं होतं तुझं?"

सिद्धेशने मान खाली घातली ती घातलीच. चाळिशीला आलेला माणूस, शाळेतल्या मुलासारखा बसला होता. मला त्याची दया आली आणि रागही येत राहिला.

"आता सांग," काका म्हणाले. "परत करणार आहेस?"

सिद्धेश खुर्चीत सरसावून बसला. मला वाटलं, पुन्हा 'अर्थात' म्हणतोय की काय. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"नाही," तो म्हणाला. मान अजून खालीच होती, म्हणून ती वर करून पुन्हा म्हणाला. "नाही करणार, काका."

"एक पैसाही?"

"एक पैसाही नाही."

"ठीक आहे," काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "उद्या बोलतो मी त्या बाईंशी."

सोमवारी सिद्धेशला सुटी मिळणं शक्य नव्हतं. मी आमच्या डेंटिस्टकडे दीड तास मागितला आणि बारा वाजता डेन्व्हिलला पोचले, नव्या लेटरचा कोरा फॉर्म घेऊन. काका तयार होऊन बसले होते. स्वेटरऐवजी कोट घातला होता, फोनवर बोलायला. मी म्हटलं, "काका, ती विचारेल, परत घेणार का? तुम्ही म्हणायचं, नो. बस. तिच्या आईचं गॉलब्लॅडर नको."

"नो," काका म्हणाले. "कळलं गं. मी काय लहान आहे?"

मी स्पीकर लावला. पॅट्रिशियाने नमस्कार-चमत्कार केले. मग मुद्द्यावर आली. ही रक्कम परत घेण्याचा काही करार आहे का, लेखी किंवा तोंडी?

"नो," काका म्हणाले.

मी श्वास सोडला. पण पॅट्रिशियाही आपलं काम करणारी बाई होती. ती म्हणाली, डॉक्टर, गेल्या आठवड्यात तुम्ही मला सांगितलंत की तो पैसा न् पैसा परत करेल. माझ्या नोट्समध्ये आहे. आता नाही म्हणता. मध्ये काय बदललं, हे मला फाइलमध्ये लिहावं लागेल.

मी हातांनी खुणा करत होते. थोडक्यात, थोडक्यात. काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते फोनकडे बघत होते आणि सावकाश, एकेक शब्द जोडत बोलत होते, ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या पेशंटशी बोलत असतील तसे.

"मॅडम, आय मेड अ मिस्टेक. आय थॉट ही शुड रिटर्न इट. यस्टरडे आय अंडरस्टुड. ही इज माय सन. व्हाय शुड अ सन रिटर्न मनी टु हिज फादर?"

पलीकडे की-बोर्डचा आवाज थांबला.

"आय ॲम सॉरी, डॉक्टर," पॅट्रिशिया म्हणाली. "ही इज युअर सन? लेटरवर नेफ्यू आहे." तिचा आवाज एकदम ऑफिसचा झाला. इन्शुरन्सवाल्यांशी बोलायला मला पाच वर्षं झाली आहेत, मला तो आवाज माहीत आहे. आता ती जन्माचा दाखला मागणार. फाइल पुन्हा अंडररायटरकडे जाणार, आणि अंडररायटर म्हणणार, या घरातली माणसं दर खेपेला वेगळं सांगतात. उद्या पाच वाजता तो कॅशवाला बायर सही करणार. मला ती तिसरी खोली दिसली आणि तिथे मांडी घालून बसलेली अनया.

"ही इज माय..." काका पुन्हा सुरू झाले.

मी फोन पुढे ओढला. "पॅट्रिशिया, हाय, धिस इज ज्ञानदा, द बॉरोअर्स वाइफ. ही इज हिज नेफ्यू. हिज ब्रदर्स सन. नॉट हिज सन. लेटर बरोबर आहे. प्लीज राइट नेफ्यू."

"नॉट हिज सन," पॅट्रिशिया लिहिता लिहिता म्हणाली. "डॉक्टर, इज दॅट करेक्ट?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे हो म्हणा.

"यस," काका म्हणाले. "दॅट इज करेक्ट."

"आणि हे गिफ्ट आहे?"

"यस."

जेवढं विचारलं तेवढंच. पहिल्यांदाच इतकं छान जमलं होतं त्यांना. पॅट्रिशियाने आभार मानले, नवं लेटर दोनच्या आत फॅक्स करा म्हणाली आणि फोन ठेवला.

मी काही तरी बोलायला हवं होतं. काका, मला तसं म्हणायचं नव्हतं, एवढं तरी. पण पावणेएक वाजले होते, आणि खरं सांगायचं तर माझी हिंमत झाली नाही. मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी खिशातलं पेन काढलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहिली. मग नात्याच्या रकान्याशी थांबले.

"इथे काय लिहू?"

पस्तीस वर्षं रोज फॉर्म भरलेला माणूस मला विचारत होता.

"अंकल," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर एरवी कोणाला लागत नाही, पण हे त्यांनी सुटं सुटं, मोठं लिहिलं, फॅक्समध्ये नीट दिसावं म्हणून. काकू आतून दह्याचा डबा घेऊन आल्या. मी तो घेतला, वाकून नमस्कार केला आणि निघाले. वाटेत रूट फॉर्टी-सिक्सच्या सिग्नलला थांबले होते तेव्हा मला रडू आलं. मागच्याने हॉर्न दिला तशी गाडी काढली आणि एक वाजून वीस मिनिटांनी ऑफिसातून फॅक्स केला.

मंगळवारी सकाळी कमिटमेंट आलं. शैलेंद्रने अभिनंदन केलं आणि दिवाळीच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं गळ्यात मारली. अनयाने त्या खोलीसाठी रंग निवडला, जांभळा, आणि मी हो म्हटलं.

संध्याकाळी सिद्धेशने विचारलं, "काका बोलले ना नीट?"

"नीट बोलले," मी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"जेवढं विचारलं तेवढं."

तो हसला. म्हणाला, "बघ, सांगितलं की बरोबर करतात ते." काकांनी त्याला काय म्हटलं आणि मी ते कसं खोडून काढलं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.